डाव्या बाजूचा ब्रेक

त्या दिवशी काम एवढंच होतं की धोंडबाच्या गॅरेजमधून गाडी घरी आणायची. एकोणऐंशी सालचा मार्च होता. ऊन तापायला लागलं होतं, पण सकाळी अजून बरं वाटायचं. मी आणि माझी बायको प्रेमिला नागपुरातल्या इंदोऱ्याहून पायीच निघालो. गाडी तिच्या वडिलांची, आणि वडील जाऊन जेमतेम एक हिवाळा सरला होता.

कंदील जरा इकडे सरकवा. लाईट काही इतक्यात येत नाही. हं.

माझे सासरे आनंदराव. सगळा इंदोरा त्यांना मास्तर म्हणायचा. शाळेचे नव्हे, मोटारीचे मास्तर. आधी रेल्वेच्या एका साहेबाची गाडी चालवायचे. मग नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. एक जुनी लँडमास्टर घेतली आणि धोंडबाच्या हाती दिली. धोंडबा त्यांचा जुना दोस्त. त्यानं ती गाडी अशी बदलली, की ज्यानं तिला घडवलं त्या कारखान्यानंही ती ओळखली नसती. आत जीपचं इंजिन. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा काढून खाली जमिनीत आणलेला. पुढचं सलग बाक काढून तिथं दोन सुट्या सीटा. आणि डाव्या सीटसमोर, जिथं इतर गाड्यांत नुसती रबरी चटई असते, तिथं आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक. गाडीच्या पोटाखालून लोखंडी सळईनं ते उजवीकडच्या क्लच-ब्रेकला जोडलेले. शिकणारा चुकला की डावीकडे बसलेले मास्तर पाय दाबायचे.

मास्तरांचा ब्रेक ओळखू यायचा. आधी हळूच, पाठीवर हात ठेवल्यासारखा. आणि मग पूर्ण. त्यांच्याकडे डॉक्टर शिकले, दुकानदार शिकले, पुढे कोळशाचे ट्रक चालवणारे कितीतरी जण शिकले. सगळे सांगायचे, मास्तर ओरडत नाहीत, त्यांचा पायच बोलतो.

फक्त पोटच्या पोरीला त्यांनी शिकवलं नाही. प्रेमिला कॉलेजात असताना त्यांच्या मागे लागली होती. ते म्हणाले, "साऱ्या नागपूरले शिकवीन. तुले नाही शिकवणार." का, ते सांगितलं नाही. तिनं मनाशी ठरवून टाकलं की मुलगी म्हणून नाही म्हणाले. ती जखम तिनं लग्नानंतरही जपली. माहेरी जायची, आईशी बोलायची, वडिलांसमोर चहा ठेवायची. पण मोकळं बोलणं असं काही राहिलं नव्हतं. आणि एके दिवशी दुपारी मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

प्रेमिला शिक्षिका. तिची बदली उमरेडच्या मुलींच्या शाळेत झाली होती. एसटीनं जाऊन येऊन ती वाळून गेली होती. वडील गेल्यावर तिनं त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडून, त्याच्या फियाटवर, गाडी शिकून घेतली. लायसन काढलं. आणि मला म्हणाली, "बाबांची गाडी आता मीच चालवतो." बोलताना ती रागात असली की अशीच पुरुषासारखी बोलायची.

मला गाडी येत नाही. एका डोळ्यानं लहानपणापासून कमी दिसतं. मी तारघरात होतो. पाळी असेल तशी सुट्टी काढून सुरुवातीला तिच्यासोबत जायचो. डाव्या सीटवर बसायचो. मास्तरांच्या जागेवर.

उमरेड रोड तुम्ही आत्ताचा बघू नका. तेव्हा मधोमध डांबराची एक चिंचोळी पट्टी आणि दोन्ही बाजूला कच्चं. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकानं डांबर सोडायचं. कोणी सोडायचं, हे गाडीच्या आकारावर ठरे. खाणीकडून कोळशाचे ट्रक सुटत ते दिवसाच्या फेऱ्या पुऱ्या करायच्या घाईत, भरधाव, एकमेकांना कट मारत. एसटीवाले त्यांच्याशी शर्यत लावत. टेंपोवाल्यांना तर आरशात बघायची सवयच नव्हती. त्यात एक जुनाट हिरवी मोटार, आणि ती चालवणारी बाई. बाई दिसली की ट्रकवाले मुद्दाम मागे चिकटत. हॉर्नवर हात ठेवला की काढतच नसत. एकानं शेजारून जाताना मान बाहेर काढून ओरडून सांगितलं, "ए बाई, घर जा! रोटी बना!" क्लीनर हसला. प्रेमिलाचे कान लाल झाले, पण तिनं स्टिअरिंग सोडलं नाही.

गाडी घरी आणल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत दिघोरी मागे पडली. पुढे रस्ता मोकळा दिसला म्हणून तिनं जरा वेग घेतला. आणि गाडीला ब्रेक लागला.

आधी हळूच. मग पूर्ण.

मागचा ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर शिव्या देत बाजूनं निघून गेला. कोळशाची पूड खिडकीतून आत आली, दातांत कचकच झाली.

"पाय लागला का तुमचा?" तिनं विचारलं.

"नाही वं. माझे पाय तर सीटखाली आहेत."

"मग काहून थांबली?"

"तूच दाबला असशील."

तिनं गाडी परत सुरू केली. मी मात्र खाली बघत राहिलो. डावा ब्रेक माझ्या चपलेपासून हातभर दूर होता. त्याचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं, बुटाच्या आकाराचं. पुढे एक बैलगाडी आडवी येताना दिसली. अजून बरीच लांब होती. प्रेमिलानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललाही नव्हता. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो ब्रेक खाली जाऊ लागला. दणका नाही, झटका नाही. सावकाश. रबर दबलं. दबलेलं दिसलं मला, कडेनं फुगून आलेलं, वर कोणाचा तरी पाय असल्यासारखं.

भर सकाळ होती. शेतात माणसं होती. तरी मी दोन्ही पाय सीटवर ओढून घेतले.

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात भुताखेताला जागा नाही. मास्तरांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि घरातले सगळे ताईत-गंडे स्वतःच्या हातानं नाग नदीत टाकून आले होते. त्यांच्या गाडीला कधी लिंबू-मिरची लागली नाही. म्हणून घरी आल्यावर मी भुताचं नाव काढलं नाही. ब्रेक बिघडला आहे, एवढंच म्हणालो.

धोंडबानं गाडी खड्ड्यावर घेतली. खाली उतरून बराच वेळ ठोकाठोक केली. वर आला तेव्हा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "भाऊ, काही नाही गा. सळई मोकळी आहे. स्प्रिंग चांगली आहे. आपोआप दबाचं काही कारणच नाही."

"मग दबते कसा?"

त्यानं प्रेमिलाकडे बघितलं, मग नजर खाली वळवली. "सळई काढून टाकू का, ताई? डावीकडून काही संबंधच नाही राहणार."

"काढा," ती म्हणाली.

त्यानं सळई काढून डिकीत टाकली. दुसऱ्या दिवशी आम्ही उमरेडला निघालो. डावा ब्रेक आता नुसता शोभेचा होता. पायानं हलवला तर खुळखुळायचा. विहिरगावच्या अलीकडे समोरून एसटी आली, आणि गाडीला ब्रेक लागला. हळूच, मग पूर्ण. डिकीत सळई घरंगळून खणकन आदळली.

या वेळी उजवा ब्रेक खाली गेला होता. प्रेमिलाच्या बाजूचा. तिचा पाय त्याच्यावर नव्हता, शेजारी होता. तिनं खाली बघितलं. मग सावकाश माझ्याकडे बघितलं.

"बाबा आहेत..." ती पुटपुटली.

त्या संध्याकाळी ती आईकडे गेली. माझी सासू कांताबाई मितभाषी बाई. तांदूळ निवडत बसली होती. प्रेमिलानं सगळं सांगितलं. कांताबाईनं सूप खाली ठेवलं नाही, पण तिचा हात थांबला.

"तुले माहीत नाही, पोरी," ती म्हणाली. "तुले काहून नाही शिकवलं, ते मले सांगत होते. म्हणे, दुसऱ्याच्या लेकराच्या बाजूनं बसलो तर माझा पाय टायमावर पडते. तिच्या बाजूनं बसलो तर पाय कापंल माझा. टायमाच्या आधीच पडंल, नाही तर पडणारच नाही."

"मग हे मले काहून नाही सांगितलं?"

"मी म्हणलं होतं त्याइले, सांगा म्हणून. म्हणे, सांगतो कधीतरी."

प्रेमिला तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. वडील गेले तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली.

त्यानंतर तिची भीती गेली. माझी नाही गेली. ती गाडीत बसली की "चला बाबा" म्हणायची. ब्रेक लागला की "बरं, बरं" म्हणायची. पण खरी भीती दुसरीच होती. मास्तर आयुष्यभर वेळेवर ब्रेक लावत आले. लेकीच्या गाडीत मात्र ते वेळेआधीच लावायचे. कुत्रं दिसलं की ब्रेक. वळण आलं की ब्रेक. समोरून ट्रक आला की ब्रेक, आणि तोही डांबराच्या मधोमध. मागून कोळशाचा ट्रक चिकटून येत असताना गाडी अशी अचानक थांबली तर काय होईल, हे इतरांना शिकवणाऱ्या मास्तरांना कळत नसेल का? पण बापाला कळत नव्हतं.

ट्रकवाल्यांमध्ये आमची गाडी प्रसिद्ध झाली. लांबूनच हॉर्न सुरू व्हायचे. काहीजण मुद्दाम समोर येऊन कट मारायचे, हिरवी मोटार कशी थबकते ते बघायला.

मग मे महिन्यातली ती दुपार आली. शाळेचं निकालाचं काम आटोपून आम्ही उमरेडहून परत निघालो. हवा बंद होती. पळसाचं पान हलत नव्हतं. चार वाजले नसतील, तोच पश्चिमेकडून आकाश विटकरी झालं. मग लाल. मग काळं. आंधी आली. रस्ता, शेतं, झाडं सगळं धुळीत बुडालं. दिवसाउजेडी दिवे लावायची वेळ आली. नाकात धूळ, तोंडात धूळ, आणि मागं एक भरलेला ट्रक. इतका जवळ की त्याच्या इंजिनाची धग मागच्या काचेतून जाणवते असं वाटत होतं. त्याचा हॉर्न एकसारखा वाजत होता.

"साईड दे त्याला," मी म्हणालो.

"कुठं देऊ? खाली काही दिसूनच नाही राहिलं."

पाचगावच्या अलीकडे एक वळण होतं. दोन्ही बाजूला जुनी चिंचेची झाडं. वळण घेतलं, आणि समोर धुळीत दिवे दिसले. दोन नाही, चार. दोन ट्रक शेजारी शेजारी, एकमेकांशी शर्यत लावून येत होते. त्यातला एक सरळ आमच्या अंगावर.

वाट एकच होती. डावीकडे दोन चिंचांच्या मधून कच्च्यावर उतरायचं, आणि वेगानं. प्रेमिलानं ते बघितलं. मला दिसलं की तिनं बघितलं. तिनं स्टिअरिंग वळवायला घेतलं, आणि ब्रेक लागला.

हळूच. मग पूर्ण.

गाडी डांबराच्या मधोमध उभी राहिली. इंजिन गुरगुरत होतं, पण चाकं हलत नव्हती. पुढून दिवे मोठे होत होते. आरशात मागच्या ट्रकची जाळी. प्रेमिलानं ॲक्सिलरेटर दाबला, गाडी नुसती थरथरली.

"बाबा, पाय काढा!" ती किंचाळली.

काही नाही. माझ्या पायाशेजारी तो खुळखुळा डावा ब्रेक जमिनीला टेकला होता.

मग ती एकदम हळू आवाजात बोलली. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. लहान मुलगी बोलावी तसा.

"बाबा... मले येते. मले चालवता येते, बाबा. पाय काढा ना..."

ब्रेक वर आला.

गाडी उसळली. झाडाचा बुंधा माझ्या कोपराला लागेल इतका जवळून गेला. आम्ही कच्च्यावर होतो, ढेकळांवरून उडत. आणि त्याच वेळी, गाडी चालू असताना, माझ्या बाजूचं दार उघडलं. मी हात लावला नव्हता. वारा आत शिरला. माझ्या मांडीवरून काहीतरी गेलं... वजन नव्हतं, पण जाताना गार लागलं, मडक्याच्या बाहेरून हात फिरवावा तसं. मग दार लागलं. आपटलं नाही. कोणीतरी जपून लावलं.

मी मागे वळून बघितलं. धुळीत, डांबराच्या मधोमध, खाकी शर्ट घातलेला एक माणूस उभा होता. आमच्याकडे पाठ. दोन्ही हात वर.

मागचा ट्रक आडवा होत, घासत, त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबला. समोरच्यांपैकी एक शेतात घुसला, दुसरा कच्च्यावरून निघून गेला. मेलं कोणी नाही. धूळ खाली बसली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून चाकाला धरून उभा होता. तो म्हणत होता, "वो बाबा किधर गया? मैंने ब्रेक नहीं मारा... अपने आप लगा..."

प्रेमिला स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली होती.

त्यानंतर आमच्या गाडीला कधी आपोआप ब्रेक लागला नाही. प्रेमिला उत्तम गाडी चालवायला लागली. ट्रकवाल्याला साईड कधी द्यायची, कधी नाही, हॉर्नला कधी भीक घालायची नाही, सगळं तिला जमलं. मी तिला म्हणालो, बरं झालं, सुटलो. ती म्हणाली, "हो." पण डाव्या सीटवर तिनं मला परत बसू दिलं नाही. मी मागं बसायचो. गाडी सुरू करताना ती अजूनही "चला बाबा" म्हणायची, आणि क्षणभर थांबायची.

पावसाळ्यात बातम्या यायला लागल्या. त्या चिंचांच्या वळणावर एका मेटॅडोरला आपोआप ब्रेक लागला. मग एका जीपला. पोळ्याच्या सुमारास एका ॲम्बेसेडरला. तिच्यात एक कुटुंब होतं. ड्रायव्हर सांगत होता, मी पाय ठेवलाच नव्हता, आधी हळूच लागला आणि मग पूर्ण. मागून ट्रक आला. त्या गाडीतली आई गेली.

प्रेमिलानं हे शाळेत ऐकलं. घरी आली ती तोंड न धुता तशीच ओट्यावर बसली.

"आपण बाबाइले रस्त्यावर उतरवून आलो," ती म्हणाली.

"तू जीव वाचवलास आपला."

"ते माझ्यासाठी उतरले. आता त्याइले माहीत नाही, कोणती गाडी माझी आहे. सगळ्याइलेच थांबवून राहिले..." तिचा आवाज फुटला. "मले शोधून राहिले ते."

मग ती त्यांना आणायला जाऊ लागली. रोज परतताना त्या वळणावर गाडी कच्च्यावर घ्यायची, डावीकडचं दार उघडायचं आणि थांबायचं. "बाबा, चला घरी. आई वाट पाहून राहिली." मागून येणारे हॉर्न वाजवत, शिव्या देत जायचे. ती तशीच बसायची. मग हात लांब करून दार ओढून घ्यायची. मी सोबत असेन त्या दिवशी मला तिच्याकडे बघवत नसे. जिवंतपणी त्यांनी तिला एकदा बाजूला बसवलं असतं, किंवा तिनं एकदा बाजूला बसून विचारलं असतं, तर हे दोघंही त्या चिंचांखाली असे एकमेकांना हुकले नसते.

डिसेंबर उजाडला. त्या दिवशी मी मागच्या सीटवर होतो. सूर्य बुडाला होता, पण उजेड होता. शेतात कोणी धसकटं पेटवली होती, त्यांचा धूर रस्त्यावर लोळत होता. प्रेमिलानं गाडी थांबवली. दार उघडलं.

"बाबा, चला."

आणि डावी सीट दबली.

मी बघितलं. रेक्झिनवर सुरकुत्या पडल्या, आतली स्प्रिंग करकरली, गाडी त्या बाजूला जराशी झुकली. दार लागलं. प्रेमिलानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. तिच्या बोटांमधून पाणी गळत होतं आणि ती हसत होती.

"बसले," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "बसले हो बाबा..."

गाडी निघाली. ती बोलत होती, कधी नव्हे ते बोलत होती. शाळेचं, आईचं, राहून गेलेलं सगळं. "मले सांगायचं होतं ना, बाबा. मी काय परकी होती का?" मीसुद्धा गहिवरलो होतो. पण मला थंडी वाजायला लागली. आणि वास आला. मास्तरांच्या अंगाला साबणाचा, डिझेलचा वास यायचा. हा वास तसा नव्हता. बंद विहिरीत डोकावल्यावर येतो तसा.

समोर एक ट्रक बिघडून उभा होता, रस्त्यातच, मागचे दिवे नसलेला. प्रेमिलानं तो बघितला. वेग कमी केला नाही. मला कळलं ती काय करत होती ते. ती मास्तरांच्या ब्रेकची वाट बघत होती. त्यांचा पाय परत जाणवावा म्हणून.

ट्रक जवळ आला. आणखी जवळ.

ब्रेक लागला नाही.

डावी सीट करकरली. मास्तर ब्रेक लावायचे तेव्हा मागे रेलायचे. इथं सुरकुत्या सीटच्या पुढच्या कडेला सरकल्या. जे कोणी बसलं होतं, ते पुढे वाकलं होतं. काचेपाशी. पुढे काय होतं ते नीट दिसावं म्हणून.

"प्रेमिला!"

तिनं स्वतःच ब्रेक दाबला. गाडी वाकडी होत ट्रकच्या मागच्या फळीपाशी थांबली. मग ती समोर बघत, ओठही न हलवता म्हणाली,

"हे बाबा नाहीत हो..."

घरापर्यंत आम्ही कसे आलो ते आठवत नाही. अंगणात तिनं गाडी उभी केली, पलीकडून फिरून डावं दार उघडलं आणि हात जोडून म्हणाली, "उतरा." दबलेली सीट परत वर आली नाही. सकाळपर्यंतही नाही.

प्रेमिलानं गाडी सोडली. परत एसटीनं जायला लागली. खिडकीशी, डाव्या बाजूला बसायची. त्या वळणावर एसटीला रोज ब्रेक लागायचा. ड्रायव्हर वैतागायचा. ती डोळे मिटून पुढचा दांडा धरायची. मला एकदा म्हणाली, "रोज भेटतात. पण मी कोणत्या गाडीत आहे हे त्याइले कळत नाही." तीन वर्षांपूर्वी काविळीनं ती गेली. शेवटच्या दिवसांतही तिला तेवढीच एक खंत होती, की पाय काढा म्हटलं, तसं गाडीतच थांबा, असंही म्हणायला हवं होतं.

त्या वळणावर अजूनही ब्रेक लागतो म्हणतात. मी त्या रस्त्यानं जात नाही.

गाडी मागच्या टिनाच्या शेडमध्ये आहे. डाव्या बाजूला कललेली. धोंडबानं स्प्रिंग बदलल्या, पाटे बदलले, चाकं बदलली. ती सरळ होत नाही. प्रेमिला होती तोवर ती डावं दार उघडं ठेवायची. कधीतरी उतरून जाईल म्हणून. ती गेल्यावर मीही तसंच ठेवत आलो. कोणाला आत घ्यावं म्हणून नाही, बाहेर जाता यावं म्हणून.

परवा धोंडबा आला होता. आता म्हातारा झालाय, वाकताना त्रास होतो. तरी गाडीभोवती एक चक्कर मारली, गुडघे टेकून खालून बघितलं, आणि उठून बराच वेळ हात पुसत राहिला.

"रवींद्रभाऊ," तो हळूच म्हणाला, "दार लावून टाका गा."

"काहून?"

"आता मागची सीटबी दबून राहिली."